रस्त्याचा कूळकायदा

आपल्या वृत्तपत्रांतून मोटारगाडीला तीन निरनिराळ्या ठिकाणी जागा दिली जाते. चित्रपटविषयक पुरवणीत कोणत्या नटाने कोणती परदेशी गाडी घेतली याचा सचित्र वृत्तांत असतो. आठवड्याच्या अखेरीस येणाऱ्या वाहनविषयक पानावर नव्या गाडीचे इंजिन, तिच्या आसनांचे कातडे आणि तिच्या छताची काच यांचे असे रसभरित वर्णन असते, की पूर्वीच्या काळी ते केवळ कादंबरीतील नायिकेच्या वाट्याला येत असे. आणि अधूनमधून, तिसऱ्या ठिकाणी म्हणजे पहिल्या पानावर, मध्यरात्रीनंतर अशाच एखाद्या गाडीखाली कोण चिरडले गेले ते छापून येते. मोबाईलच्या पडद्यावर तर हे तिन्ही मजकूर रंजक माहिती म्हणून एकाखाली एक सरकत जातात. वाचकाचा अंगठा तिन्हींवर सारखाच वेळ थांबतो.

माझे म्हणणे असे आहे की ही एकच बातमी आहे, आणि तिचे तीन तुकडे करून ती तीन पानांवर वाटल्यामुळेच तिचा अर्थ वाचकाच्या हाती लागत नाही. सार्वजनिक मालकीची जी सर्वांत मोलाची जमीन शहरांत उरली आहे, ती म्हणजे रस्ता. ही जमीन मोटारमालक नावाच्या एका लहान वर्गाच्या वहिवाटीत गेली. तिचे खरेदीखत झाले नाही, लिलाव झाला नाही, आणि विधिमंडळात त्यावर चर्चाही झाली नाही. वहिवाटदार जवळजवळ काही खंड देत नाही. उलट, ज्यांच्याकडे मोटार नाही अशा बहुसंख्यांनी त्या जमिनीवरून जीव मुठीत धरून जावे, असा रिवाज पडला आहे. या वर्गाचे आकारमान किती? २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४.७ टक्के कुटुंबांकडे मोटार होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास आले. म्हणजे शंभरातील ब्याण्णव घरांत तेव्हाही चारचाकी नव्हती. आपल्या वृत्तपत्रांचा वाहनविषयक मजकूर मात्र उरलेल्या आठांसाठीच लिहिलेला असतो.

आता तिसऱ्या प्रकारच्या बातमीपासून सुरुवात करू. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे मुंबईत वांद्रे येथे एका बेकरीसमोर झोपलेल्या माणसांच्या अंगावर गाडी गेली. एक मेला, चौघे जखमी झाले. या प्रकरणी ६ मे २०१५ रोजी सत्र न्यायालयाने अभिनेते सलमान खान यांना दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा दिली, आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. न्यायालयाचा निर्णय झालेला आहे, त्याविषयी मला काही लिहावयाचे नाही. मला लिहावयाचे आहे ते त्या तेरा वर्षांत छापल्या गेलेल्या मजकुराविषयी. त्यात नटाचे चित्रपट अडकल्याने निर्मात्यांचे किती कोटी धोक्यात आले याचे हिशेब होते. चाहत्यांच्या नवसांची वर्णने होती. निकालाच्या दिवशी त्यांच्या घराबाहेर जमलेल्या गर्दीची छायाचित्रे होती. बेकरीत राबणारी माणसे बेकरीबाहेरच का झोपत होती, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडला नाही. रस्ता हा काही झोपण्यासाठी नसतो, असे त्या वेळी एका नामवंत गायकाने सुनावले आणि सुखवस्तू घरांतून त्याला माना डोलावल्या गेल्या.

रस्ता झोपण्यासाठी नसतो, हे मान्य. पण तो गाडी उभी करून ठेवण्यासाठी असतो, हे कोणी आणि केव्हा ठरविले? खासगी मोटार दिवसाच्या चोवीस तासांपैकी बहुतेक तास उभीच असते. उभी राहण्यासाठी तिला साधारण अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. दोन गाड्यांची जागा पंचवीस चौरस मीटर झाली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण पंचवीस चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट, आणि मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका संपूर्ण कुटुंबाला द्यावयाच्या घराचे क्षेत्रफळ बरीच वर्षे नेमके तेवढेच होते. त्याआधी ते २२५ होते, पुढे ३०० झाले. ते २६९ फूट मिळविण्यासाठी झोपडीवासीयाला पुरावे द्यावे लागतात, कोणत्या वर्षापूर्वीपासून तो तेथे राहतो ते सिद्ध करावे लागते, पात्र-अपात्रतेच्या याद्यांत आपले नाव शोधत फिरावे लागते. तेवढीच जागा दोन मोटारी रस्त्याच्या कडेला रात्रभर फुकट व्यापून बसतात आणि त्यांना कोणी पात्रतेचा पुरावा मागत नाही. पदपथावर झोपणारा तो अतिक्रमक ठरतो. पदपथालगत गाडी लावून वर सातव्या मजल्यावर झोपणारा मात्र सुजाण नागरिक ठरतो, आणि बहुधा तोच महापालिकेकडे फेरीवाल्यांविरुद्ध अर्ज करतो.

दुसरे प्रकरण पुण्याचे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका अतिमहाग विदेशी मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन तरुण अभियंते, एक युवक व एक युवती, जागीच गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने काही तासांत त्याला जामीन दिला आणि रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहावा, अशी एक अट घातली. लोकांचा संताप उसळला, आदेश बदलावा लागला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. खटल्यांचे जे व्हायचे ते होईल. या प्रकरणातील एक लहानसा तपशील मात्र मला कोणत्याही निबंधापेक्षा बोलका वाटतो. त्या गाडीची कायम नोंदणी झालेली नव्हती, कारण त्यासाठीचे १,७५८ रुपये शुल्क भरले गेले नव्हते. ज्यांच्या दारात कोट्यवधींची गाडी येते, त्यांना रस्त्याच्या मालकाला, म्हणजे जनतेला, पावणेदोन हजार रुपये देण्याचेही स्मरण राहत नाही.

यावर आपल्या वृत्तपत्रांनी कोणता निष्कर्ष काढला? श्रीमंतांची मुले बिघडली. मद्यालये पहाटेपर्यंत उघडी असतात. पालकांचे लक्ष नाही. थोडक्यात, ही संस्कारांची कथा झाली, आणि संस्कारांच्या कथेला सोयीचा शेवट असतो. महापालिकेने काही मद्यालयांच्या अनधिकृत बांधकामांवर हातोडा चालविला, त्याची छायाचित्रे आली, वाचक समाधान पावला. शहरात पहाटे अडीच वाजता घरी परतायचे झाले तर सार्वजनिक वाहन कोणते, याचे उत्तर मिळाले नाही, कारण प्रश्नच विचारला गेला नाही. पुण्याने २००६ साली कात्रज ते हडपसर मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिका राखण्याचा प्रयोग सुरू केला होता. पुढे इतर रस्त्यांवरही अशा मार्गिका झाल्या. कल्याणीनगराजवळून जाणारा नगर रस्ता हा त्यांपैकी एक होता. तेथील मार्गिका गेल्या काही वर्षांत काढून टाकण्यात आली. कारण काय, तर तिच्यामुळे मोटारींची कोंडी होते. बसच्या प्रवाशाच्या नावे रस्त्याचा जो एक पट्टा कधी नव्हे तो लागला होता, त्यावरूनही त्याला असे बेदखल करण्यात आले. हे बेदखल होणे वृत्तपत्रांत आले ते वाहतूक सुरळीत होणार या मथळ्याच्या धर्तीवर.

देशभराचे आकडे पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती आणि १९.५ टक्के पायी चालणारी. मरणाऱ्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश माणसे अशी, की ज्यांच्याभोवती लोखंडाचे कवच नव्हते. याला अपघात म्हणण्याची पद्धत आहे. दरवर्षी त्याच वर्गातील माणसे त्याच प्रमाणात मरत असतील, तर त्याला अर्थशास्त्रात अपघात म्हणत नाहीत. त्याला वाटपाचा प्रश्न म्हणतात.

हे सारे लोकांना दिसत कसे नाही? येथे चित्रपटाकडे वळणे भाग आहे, कारण मोटारीची वहिवाट माणसांच्या मनात पक्की करण्याचे काम त्याने केले. हिंदी चित्रपटात मोटार पूर्वीही होती. पण ती कोणाची असे, ते आठवावे. ती नायिकेच्या वडिलांची असे किंवा खलनायकाची असे. नायक गाडी दुरुस्त करणारा असे, भाड्याने चालविणारा असे, किंवा बसच्या रांगेत उभा असे. १९५४ च्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’मध्ये देव आनंद हा नावाप्रमाणेच टॅक्सीवाला होता. १९५८ च्या ‘चलती का नाम गाडी’तील भाऊ गॅरेज चालवीत होते आणि त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक जुनाट खटारा होता. १९७६ च्या ‘छोटी सी बात’मध्ये अमोल पालेकरने रंगविलेला कारकून आपली प्रेयसी पाहतो तो बसथांब्यावर. त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे स्कूटर असते आणि तेवढ्या भांडवलावर तो त्याला हैराण करून सोडतो. स्कूटर आणि बस यांच्यातील वर्गभेदावर एवढा निर्मळ चित्रपट दुसरा नसेल. १९७८ च्या ‘गमन’मध्ये मुझफ्फर अली यांनी उत्तर प्रदेशातून मुंबईत आलेल्या टॅक्सीचालकाची गोष्ट सांगितली. त्यातली टॅक्सी ही त्या माणसाचा कोंडवाडा आहे. तिच्यातून तो साऱ्या शहरभर फिरतो आणि घरी मात्र जाऊ शकत नाही.

पडद्यावरची माणसेही त्याच रांगेतून आलेली होती. जॉनी वॉकर हे बेस्टचे बसवाहक होते. शिवाजीराव गायकवाड नावाचा मराठीभाषक तरुण बंगळूरच्या बसमध्ये तिकिटे फाडीत होता, तोच पुढे रजनीकांत झाला. १९९५ च्या ‘बाशा’मध्ये तमिळ प्रेक्षकांनी त्यांना रिक्षाचालक म्हणून डोक्यावर घेतले. याच दशकात देशाने उदारीकरण स्वीकारले आणि पडद्यावरचा नायक हळूहळू रांगेतून नाहीसा झाला. २००४ साली ‘टार्झन : द वंडर कार’ नावाचा एक चित्रपट आला. त्यात मोटार स्वतःच उठून दुष्टांचा निःपात करते, म्हणजे नायकालाही काम उरले नाही. चित्रपट फारसा चालला नाही. पण त्यातील कल्पना पुढे जाहिरातींनी उचलली. आज मोटारीच्या जाहिरातीतील रस्ता पाहावा. त्यावर दुसरे वाहन नसते, माणूस नसतो, जनावर नसते. साऱ्या डोंगरदऱ्यांतून ती एकच गाडी धावत असते. आपल्या मालकीच्या मुलुखातून फेरफटका मारणाऱ्या संस्थानिकाचे ते चित्र आहे, आणि वीस टक्के रक्कम हाती भरून व बाकीचे हप्ते बँकेला देऊन गाडी घेणारा कारकून सकाळी आठ वाजता सिंहगड रस्त्यावर अडकून पडतो तेव्हा मनाने तो त्याच मुलुखात असतो. समोरचा सायकलवाला त्याला उपरा वाटतो तो यामुळे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. शेवटची नोंदणी २००३ सालच्या ऑक्टोबरातील असल्याने वीस वर्षांची मुदत संपली होती. त्याआधी महिनाभर बेस्टच्या जुन्या डिझेल दुमजली बसनेही निरोप घेतला. वृत्तपत्रे हळवी झाली. काळीपिवळी, तिचा मीटर, तिच्या छताला आतून लावलेले फुलाफुलांचे कापड, असे सगळे काही आठवले गेले. एखाद्या वस्तूविषयी गहिवर येण्यात गैर काही नाही, मलाही त्या गाड्या आवडत. पण ही गाडी कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात घडत असे तेथील कामगारांचे पुढे काय झाले, हे त्या लेखांत शोधून सापडत नव्हते. टॅक्सीवाल्याने ज्या गाडीवर वीस वर्षे काढली ती मोडीत काढून नवी घेण्यासाठी कर्ज कोठून आणले, आणि आता परदेशी भांडवलावर चालणाऱ्या भाड्याच्या कंपन्या त्याच्या फेरीतून किती कापून घेतात, याचाही उल्लेख नव्हता. यंत्राचे स्मारक उभारायचे आणि यंत्रावर बसलेल्या माणसाला विसरायचे, या प्रकाराला आपल्याकडे रसिकता म्हणतात.

जनतेची मोटार या कल्पनेचा आपल्या देशातील इतिहास तर कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावा असा आहे. १९७१ साली मारुती मोटर्स ही कंपनी स्थापन झाली. पंतप्रधानांचे धाकटे चिरंजीव तिचे सूत्रधार होते. हरियाणात जमीन मिळाली, बँकांचा पैसा मिळाला, विक्रेत्यांच्या अनामती मिळाल्या. मोटार मात्र मिळाली नाही. संसदेत विरोधकांनी यावर वारंवार प्रश्न विचारले. आणीबाणीनंतर न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता यांचा चौकशी आयोग नेमला गेला. कंपनी दिवाळ्यात निघाली. नंतर काय व्हावे? सरकारने ती ताब्यात घेतली, १९८१ साली मारुती उद्योग ही सरकारी कंपनी झाली, जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १९८३ च्या डिसेंबरात गाडी बाहेर पडली. गाडी चांगली होती, हे नाकारण्याचे कारण नाही. मुद्दा असा की मध्यमवर्गाची पहिली खरीखुरी मोटार सार्वजनिक भांडवलातून उभी राहिली. २००२ साली कंपनीचे नियंत्रण सुझुकीकडे गेले आणि २००७ साली सरकारने उरलासुरला हिस्साही विकला. धोका सरकारने पत्करला आणि फळ दुसऱ्याच्या ओंजळीत टाकले.

दुसरी जनतेची गाडी नॅनो. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. स्कूटरवर दाटीवाटीने बसून पावसात जाणारे कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असे तिचे निर्माते सांगत, आणि त्यांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. लाखाची गाडी म्हणून वृत्तपत्रांनी महोत्सव मांडला. त्या लाखात सिंगूरच्या शेतकऱ्यांच्या जवळजवळ हजार एकर जमिनीची किंमत धरलेली नव्हती. तेथील आंदोलनानंतर कारखाना गुजरातमध्ये साणंदला गेला. सिंगूरचे भूसंपादन सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली रद्द ठरविले. २०१८ पर्यंत नॅनोचे उत्पादन थांबल्यासारखेच झाले. आणि स्कूटरवरचे ते कुटुंब? ते अजून स्कूटरवरच आहे, अजून भिजत आहे. त्याच्यासाठी दर दहा मिनिटांनी येणारी बस हे उत्तर आहे, असे म्हणणारा उद्योगपती निघत नाही, कारण त्या उत्तराचे अनावरण करता येत नाही.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, राज्य परिवहनाची पहिली बस सुटली. त्याच वर्षी मुंबई राज्याचा कूळवहिवाट कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानण्यात आले. हा योगायोग असेल. पण दोन्हींच्या मागे जमीन आणि रस्ता ही काही थोड्यांची मिरास नव्हे, हा एकच विचार होता. त्या विचाराची आज काय अवस्था आहे? २०२१ च्या अखेरीस एस.टी.चे कामगार संपावर गेले. महामंडळाचे शासनात विलीनीकरण करा, ही त्यांची मागणी. तुटपुंज्या आणि तीही उशिरा मिळणाऱ्या वेतनाने मेटाकुटीला आलेल्या कित्येक चालक-वाहकांनी त्या काळात आत्महत्या केल्या. संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. विलीनीकरण शक्य नाही, असा सरकारच्या समितीने निर्वाळा दिला. दिवाळ्यात निघालेली मोटार कंपनी सरकारात घेता येते, खेड्यापाड्यांतील शाळकरी मुलींना तालुक्याला नेणारी बस मात्र घेता येत नाही, हे शास्त्र मी ज्या अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली त्यात शिकविले जात नव्हते. कामगारांच्या नेतृत्वाविषयी, त्यातील काहींच्या बेताल भाषेविषयी मतभेद असू शकतात, माझेही आहेत. त्यामुळे मूळ प्रश्न खोटा ठरत नाही.

अलीकडचेच पाहा. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर मोटारींचा पथकर माफ झाला. एस.टी. बसगाड्यांनाही माफी मिळाली, ते योग्यच झाले. पण जल्लोष झाला तो मोटारीचे पंचेचाळीस रुपये वाचले म्हणून. त्यानंतर सात महिन्यांनी, ९ मे २०२५ रोजी, बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा झाले, सरळ दुप्पट. एस.टी.चे भाडे त्याच वर्षी जानेवारीत १४.९५ टक्क्यांनी वाढले होते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बसवरचा करही तितकाच उतरला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परंतु ज्या महामंडळाकडे गाड्या घ्यायला पैसा नाही त्याला स्वस्त गाडीचा किती उपयोग? वृत्तपत्रांनी कोणत्या मोटारीची किंमत किती हजारांनी कमी झाली याची कोष्टके छापली. बेस्टकडे एके काळी साडेचार हजारांच्या आसपास बसगाड्या होत्या. २०२५ पर्यंत त्या तीन हजारांच्याही खाली आल्या, आणि त्यांतही बहुसंख्य ठेकेदारांच्या. हे कोष्टक कोणत्या पुरवणीत आले? ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात ठेक्यावरची एक बस गर्दीत शिरून माणसे मेली, तेव्हा बस पहिल्या पानावर आली. तिला तेथे येण्यासाठी एवढी किंमत द्यावी लागते.

मुंबईचा किनारी रस्ता हे या साऱ्याचे कळस-दर्शन आहे. साडेदहा किलोमीटरच्या पहिल्या टप्प्यावर महापालिकेने सुमारे चौदा हजार कोटी रुपये खर्च केले. हा पैसा झोपडीतील रहिवासीही ज्या ना त्या रूपाने भरतो. २०२४ च्या मार्चमध्ये तो अंशतः खुला झाला. त्यावर दुचाकीला बंदी आहे, रिक्षाला बंदी आहे. मोटारीला कोणताही कर नाही. बसला जाता येते, पण बस आहेत कोठे?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते आणि आपल्यातील काही मित्रही ते देतात. मोटार उद्योगाने रोजगार दिला, पिंपरी-चिंचवड आणि चाकण त्यावर उभे आहेत. खरे आहे. त्या रोजगाराचा दुसरा चेहरा पाहायचा तर मानेसरला जावे. मारुतीच्या तेथील कारखान्यात १८ जुलै २०१२ रोजी झालेल्या हिंसाचारात एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. ती घटना भीषण होती, तिचे समर्थन कोणी करू नये. पण त्यानंतर १४८ कामगारांवर खटला चालला आणि २०१७ च्या मार्चमध्ये त्यांपैकी ११७ जण निर्दोष सुटले. निर्दोष सुटलेल्यांनी तुरुंगात काढलेली वर्षे कोणी परत केली नाहीत. त्या संघर्षाच्या मुळाशी कायम कामगाराच्या शेजारी तेच काम अत्यल्प वेतनावर करणाऱ्या कंत्राटी कामगारांचा प्रश्न होता. वाहनविषयक पानावर गाडीचे तास-दोन तास कौतुक वाचून झाल्यावर हे चार ओळींतही आढळत नाही. शिवाय बससुद्धा कारखान्यातच तयार होते. ती चालवायला चालक लागतो, वाहक लागतो, आगारात यांत्रिक लागतो. मोटारीच्या मालकाला यांपैकी कोणी लागत नाही. रोजगाराचाच हिशेब मांडायचा असेल तर तो संपूर्ण मांडावा.

दुसरा आक्षेप असा की तुम्ही मध्यमवर्गाच्या साध्या सुखावर दात धरता. मी कोणाच्या दारातील गाडीवर दात धरीत नाही. आजारी आईला रात्री रुग्णालयात न्यायचे तर गाडी हवी, असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नाही. रात्री त्याला दुसरे काही मिळणार नाही अशी व्यवस्था करून ठेवली आहे, म्हणून तो तसे म्हणतो. त्याला हप्त्यांच्या विहिरीत उतरविले गेले आहे आणि वर त्याने याला प्रगती म्हणावे अशी अपेक्षा आहे. त्याच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते जो रस्ता सर्वांचा आहे त्याचे नियोजन एकाच वाहनाच्या सोयीने करणाऱ्या महापालिकेशी, आणि त्या नियोजनाची चर्चा करण्याऐवजी गाड्यांचे रंग दाखविणाऱ्या वृत्तपत्रांशी.

आपण काय करावयाचे? मोर्चे आणि निवेदने होतील, पण त्याआधी एक साधे काम आहे आणि ते तालुका पातळीवरच होऊ शकते. २०२३ च्या मार्चपासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे झाले आणि गाड्या भरभरून वाहू लागल्या. मागणी आहे, गाड्या नाहीत, हे त्यातूनच सिद्ध झाले. तेव्हा प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या आगारप्रमुखांकडे जाऊन, आवश्यक तर माहिती अधिकाराचा अर्ज देऊन, तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. कोणत्या गावाची मुक्कामी गाडी बंद झाली व कोणत्या साली. शाळेच्या वेळेच्या कोणत्या फेऱ्या गेल्या वर्षभरात रद्द झाल्या व किती दिवस. आगारात मंजूर चालक-वाहक किती आणि प्रत्यक्ष किती. शहरांतील मित्रांनी हेच आपल्या परिवहन उपक्रमाबाबत करावे, आणि त्याबरोबर आपल्या प्रभागात रस्त्यावर रात्री उभ्या राहणाऱ्या मोटारी एकदा मोजाव्यात. दोघे असले तर एका रात्रीत एक प्रभाग होतो, चालण्याचा व्यायामही होतो. या याद्या साप्ताहिकाकडे पाठवाव्यात. संपादकांना माझी विनंती आहे की त्यांनी त्या गावांच्या नावांसह जशाच्या तशा, दर अंकात अर्धे पान देऊन छापाव्यात. वर शीर्षक ‘वाहनविश्व’ असेच द्यावे.